आरोग्य केंद्रातलं ॲप प्रत्यक्षात कसं वापरलं जातं? संशोधनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आरोग्य खात्यात नवं ॲप आलं की दोन प्रकारचे कागद हमखास तयार होतात. सुरुवातीला सादरीकरण होतं, त्यात ॲप काय काय करू शकतं हे लिहिलेलं असतं. वर्षभराने अहवाल येतो, त्यात किती लाख नोंदी झाल्या ते लिहिलेलं असतं. पण त्या नोंदी कोणी केल्या, कुठे बसून केल्या, त्यासाठी कोणतं काम मागे पडलं आणि नोंद झाल्यामुळे रुग्णाच्या वाट्याला काही वेगळं आलं का, हे दोन्ही कागदांत सापडत नाही. अंमलबजावणीचं संशोधन हे शोधण्यासाठी असतं. हा लेख सामुदायिक वैद्यकशास्त्राचे किंवा समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यार्थी, समुदाय आरोग्य अधिकारी, आणि सॉफ्टवेअरकडून आरोग्याकडे वळलेल्या मंडळींसाठी आहे. प्रबंधासाठी चार-सहा महिने हाताशी आहेत असं धरून लिहितो आहे.

उपाय गुणकारी आहे हे सिद्ध करणं आणि तो रोजच्या कामात रुजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आशांमार्फत ही सेवा देशभर सुरू झाली ती २०११ मध्ये. पुरावा हाती असूनही मध्ये बारा वर्षं गेली. तंत्रज्ञानाच्या बाबतीत उलटा धोका आहे. ॲप एका परिपत्रकाने एका दिवसात राज्यभर पोहोचतं. ते रुजलं की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी काम निवडा, ॲप नंतर

नवखे विद्यार्थी विषय सांगतात तो असा: ‘डिजिटल आरोग्य सेवांचा ग्रामीण भागावरील परिणाम’. यावर अभ्यास होऊ शकत नाही. ई-संजीवनी (डॉक्टरांचा दूरसल्ला), निक्षय (क्षयरोगाच्या नोंदी), आभा क्रमांक (आरोग्याचा डिजिटल ओळख क्रमांक), आरसीएच पोर्टल (माता-बाल आरोग्य), पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदी) या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत आणि त्यांच्या अडचणीही वेगळ्या आहेत. एकच काम निवडा आणि त्या कामाला कोणतं ॲप जोडलेलं आहे ते पाहा.

या लेखापुरतं एक उदाहरण घेऊ: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा पाठपुरावा. केंद्र आणि राज्य सरकारं, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. सगळे त्याला ‘आयएचसीआय’ म्हणतात. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता आणि आपल्याकडचे जिल्हे होते भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. ठरलेली औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, डिजिटल बीपी यंत्रं आणि नोंदींसाठी ‘सिंपल’ नावाचं मोबाइल ॲप, अशी त्याची घडण. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं कार्ड मिळतं. सिस्टर तो कोड स्कॅन करतात, आजचा रक्तदाब आणि औषधं टाकतात, पुढची तारीख देतात. तारखेला न आलेल्यांची यादी ॲप स्वतःच काढतं, म्हणजे त्यांना फोन करता येतो. रेंज नसली तरी नोंद करता येते, ती नंतर वर जाते. रचना विचारपूर्वक केलेली आहे, आणि म्हणूनच अभ्यासाला चांगली आहे. वाईट ॲप का चालत नाही हे उघडच असतं. चांगलं ॲप एका केंद्रात चालतं आणि शेजारच्या केंद्रात चालत नाही, तिथे शिकण्यासारखं जास्त असतं.

आता प्रश्न. ‘ॲप उपयोगी आहे का?’ हा प्रश्न टाका बाजूला. असा विचारा: तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी ॲपमध्ये रोज दिसते, त्यातल्या किती जणांना फोन जातो, तो कोण करतं, आणि जात नसेल तर आड काय येतं? या एका प्रश्नात मोजण्याचा भाग आहे, माणसांशी बोलण्याचा भाग आहे, आणि उत्तर मिळाल्यावर काहीतरी बदलता येईल अशी जागाही आहे. तुमचा प्रश्न या तिन्ही कसोट्यांना उतरतो का ते पाहा.

‘रक्तदाब नियंत्रणात आला का’ हा रुग्णाच्या प्रकृतीचा निकाल झाला. त्याच्या आधी अंमलबजावणीचे निकाल येतात. २०११ मध्ये प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी त्यांची आठ नावांची यादी केली, ती आजही सर्वत्र वापरतात: स्वीकारार्हता, वापराची सुरुवात, सुयोग्यता, व्यवहार्यता, मूळ आराखड्याप्रमाणे होतंय का, खर्च, किती खोलवर पोहोचलं, आणि टिकाऊपणा. आठही मोजायच्या फंदात पडू नका. दोन घ्या. फोनच्या प्रश्नासाठी मी ‘आराखड्याप्रमाणे होतंय का’ आणि ‘व्यवहार्यता’ घेईन.

एका नोंदीचा माग काढा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रश्नावली, चौकट, नमुनासंख्या सगळं नंतर. आधी परवानगी घेऊन आरोग्य केंद्रात ओपीडीच्या वेळी एका कोपऱ्यात बसा आणि एका रुग्णाची माहिती दारापासून अहवालापर्यंत कशी जाते, ते कागदावर काढा. बाजाराच्या दिवशी एकदा आणि सुन्या दिवशी एकदा बसा, कारण दोन्ही दिवसांचं चित्र एक नसतं.

समजा सुनंदाबाई आल्या. खिडकीवर केस पेपर निघाला, रुग्णनोंदवहीत ओळ पडली. मग असंसर्गजन्य आजारांचं टेबल: रक्तदाब मोजला, आकडा केस पेपरवर गेला. तिथून तो उच्च रक्तदाबाच्या रजिस्टरमध्ये जातो, मोबाइलमध्ये जातो, आणि काही ठिकाणी राष्ट्रीय पोर्टलवर वेगळा भरावा लागतो. औषधाच्या खिडकीवर महिन्याच्या गोळ्यांची नोंद वेगळीच. एकच आकडा किती ठिकाणी लिहिला जातो, ते मोजा. मग कुठे लिहिलं जातं, कोण लिहितं, त्याच क्षणी लिहितं की नंतर, आणि त्या नोंदीकडे पुन्हा कोण बघतं, हे चार रकाने करा. चौथा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा राहील. तोच तुमचा पहिला निष्कर्ष.

आता सुनंदाबाई कार्ड घरी विसरल्या असं धरू. टेबलापुढे रांग आहे. सिस्टर नावाने शोधतात. त्याच आडनावाच्या, त्याच गावच्या तीन बाया निघतात. एकीचं वय जुळत नाही, दुसरीचा फोन नंबर लागत नाही. मागचे लोक कुरकुर करायला लागतात. सिस्टर नवी नोंद करून मोकळ्या होतात, आणि त्या क्षणी ते योग्यच असतं, कारण रुग्णाला गोळ्या मिळाल्या. पण जुनी नोंद तशीच उरते. पुढच्या महिन्यापासून ॲपच्या लेखी जुन्या सुनंदाबाई तारीख चुकवणाऱ्या ठरतात आणि दर महिन्याला यादीत येत राहतात. फोन केला की बाई म्हणतात, “अहो, मी परवाच तर येऊन गेले.” असे चार फोन झाले की सिस्टरांचा यादीवरचा विश्वास उडतो. मग खरोखर न आलेल्या माणसालाही फोन जात नाही.

बाहेरून पाहणारा लिहील: ‘कर्मचाऱ्यांमध्ये उदासीनता, प्रशिक्षणाची गरज.’ तुम्ही माग काढलेला असेल तर लिहाल: दुबार नोंदी, त्यामुळे फुगलेली यादी, त्यामुळे बंद पडलेले फोन. उपायही पूर्ण वेगळा निघतो. प्रशिक्षणाने हे सुटणार नाही. कार्ड विसरलेल्यांसाठी टेबलावर काय करायचं ते ठरवावं लागेल, आणि दुबार नोंदी एकत्र करायला कोणाला तरी वेळ द्यावा लागेल.

फोन नंबरचंही तसंच. सिंधुदुर्गात घरी म्हातारी माणसं आणि नंबर मुंबईतल्या मुलाचा, हे नेहमीचं आहे. फोन लागतो, मुलगा “सांगतो” म्हणतो, आणि निरोप पोहोचला की नाही हे कळायला मार्ग नसतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर पाच-सहा महिने गावात नसतंच. ॲपमध्ये दोघांचाही शेरा एकच. म्हणून यादीतली तीस-चाळीस नावं घ्या आणि आशाताईंसोबत बसून प्रत्येकाचं खरं काय झालं ते लिहा: गावात नाही, खासगी दवाखान्यात जातो, वारला, दुबार नोंद आहे, बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या. ही साधी यादी कुठल्याही महागड्या सर्वेक्षणापेक्षा जास्त सांगते, असं माझं ठाम मत आहे.

चौकट एकच घ्या

अंमलबजावणीच्या संशोधनात विचाराच्या चौकटी पुष्कळ आहेत, आणि मार्गदर्शक ‘फ्रेमवर्क कोणतं?’ हे विचारणारच. तीन नावं पुरेत. सीएफआयआर ही २००९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. ती उपाय स्वतः, बाहेरची परिस्थिती, संस्थेच्या आतली परिस्थिती, माणसं आणि अंमलबजावणीची प्रक्रिया अशा पाच बाजूंनी अडथळे शोधायला लावते. री-एम १९९९ ची. तिच्यात पोहोच, परिणाम, स्वीकार, अंमलबजावणी आणि सातत्य मोजतात. तिसरी, २०१७ ची, ट्रिश ग्रीनहाल्ह आणि सहकाऱ्यांनी खास आरोग्य तंत्रज्ञानासाठी मांडलेली ‘नॅस’. लोक तंत्रज्ञान का स्वीकारत नाहीत, स्वीकारून का सोडतात, ते पसरत का नाही आणि टिकत का नाही, याचा विचार ती आजार, तंत्रज्ञान, त्याचं मोल, वापरणारी माणसं, संस्था, व्यापक व्यवस्था आणि काळानुसार होणारे बदल अशा सात अंगांनी करते.

पहिल्या अभ्यासाला ॲपचा विषय असेल तर मी ‘नॅस’ सुचवेन. आजार गुंतागुंतीचा आहे की ॲप की संस्था, हे वेगळं काढायची सवय ती लावते. चौकट निवडलीत तर मुलाखतीचे प्रश्न, निरीक्षणाचा तक्ता आणि विश्लेषण या तिन्हींत ती दिसली पाहिजे. प्रस्तावनेत नाव घेऊन पुढे विसरलेली चौकट परीक्षकांच्या लगेच लक्षात येते.

परवानग्या

इथे नवख्यांचे दोन-दोन महिने जातात, म्हणून नीट सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, म्हणून अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. महापालिकेच्या हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग. एकाच तालुक्यातलं आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय दोन्ही घेणार असाल तर दोन स्वतंत्र अर्ज लागतील. परवानगीची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्वतः नेऊन द्या. मेलवर विसंबू नका. अर्जात तुम्ही नेमकं काय बघणार, काय बघणार नाही आणि कर्मचाऱ्यांचा किती वेळ घेणार, हे एका पानात लिहा.

त्याआधी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता हवी. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं नुसत्या मुलाखतींच्या अभ्यासालाही लागू आहेत. ‘आम्ही औषध देत नाही, मग मान्यता कशाला’ हे चालत नाही. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते, आणि तिला वेळ लागतो. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्यातलं प्रत्येक कलम पाठ करायची गरज नाही, पण रोजच्या कामात काही गोष्टी कटाक्षाने पाळा. रुग्णाच्या नावाचा स्क्रीनशॉट घेऊ नका. चौदा आकडी आभा क्रमांक तुमच्या तक्त्यात उतरवू नका. रजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲपवर मार्गदर्शकांना पाठवू नका. प्रत्येक रुग्णाला अभ्यासापुरता क्रमांक द्या आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात ठेवा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आशाताई किंवा कंत्राटी सिस्टर ‘हो’ म्हणतात तेव्हा ते किती स्वेच्छेचं असतं? वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलावून “यांना माहिती द्या” म्हटलं की नकार देण्याची सोयच उरत नाही. म्हणून संमती साहेबांच्या केबिनमध्ये घेऊ नका. नकार दिल्याने मोबदल्यावर किंवा कंत्राटावर काही परिणाम होणार नाही, हे संमतीपत्रात मराठीत लिहा आणि तोंडानेही सांगा. कोणी मुलाखत दिली, कोणी नाही, ही यादी कोणालाही दाखवू नका. आणि निरीक्षणात बनावट आकडे आढळले तर? रुग्णाच्या जिवाला थेट धोका असेल तर काय करायचं, हे समितीला आधीच लिहून द्या. एरवी तुम्ही तपासनीस नाही. माणूस नव्हे, प्रकार नोंदवा: कोणत्या परिस्थितीत असे आकडे भरले जातात ते लिहा. तुमच्या अहवालामुळे एका सिस्टरची बदली झाली तर त्या तालुक्यात पुढे कोणीही कोणत्याही संशोधकाला खरं सांगणार नाही.

माणसांशी बोलताना

“आशाताई, ॲप कसं वाटतं?” याचं उत्तर “चांगलं आहे, सर” असंच येतं. पाहुण्याला तेच सांगायची रीत आहे. मत विचारू नका, शेवटची घटना विचारा.

“ताई, काल शेवटची नोंद केली तेव्हा कुठे बसला होतात?”

“घरी. जेवणं उरकल्यावर. रेंज गच्चीवरच येते ना.”

या एका उत्तरात चार गोष्टी आल्या: नोंद घरी होते, रात्री होते, दिवसभराची एकदम होते, आणि त्या वेळेचा हिशेब कुठेच नाही. पुढे विचारा की दिवसभराचे आकडे तोवर कुठे लिहून ठेवले होते. वहीत? ती वही बघायला मागा. वहीचे रकाने ताईंनी स्वतः आखलेले असतात, आणि ॲपमध्ये नसलेलं पण त्यांना लागतं असं काहीतरी त्यात हटकून सापडतं: घराची खूण, सुनेचा नंबर, ‘दुपारी भेटते’. ॲप सुधारायचं तर ती वही हेच सगळ्यात चांगलं साधन.

सिस्टरांना विचारा: “यादीत आज साठ नावं आहेत, फोन करायला दहा मिनिटं आहेत, पहिला फोन कुणाला करता, आणि का?” आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना विचारा, मासिक सभेत कोणता आकडा वाचून दाखवतात. ज्या आकड्याबद्दल सभेत विचारणा होते तो भरला जातो, हे जवळजवळ सगळीकडे खरं आहे. डेटा एंट्री ऑपरेटरला विसरू नका. मुलाखतींच्या यादीतून हा माणूस नेहमी सुटतो, आणि कुठल्या पोर्टलमध्ये काय अडतं ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

रुग्णांकडे गेलात तर फोन कोणाच्या हातात असतो ते आधी पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के होत्या. गरोदर स्त्रियांना आठवड्याला ध्वनिमुद्रित संदेश देणारी ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून लाखो घरांत पोहोचली, तरी मध्य प्रदेशात झालेल्या मोठ्या चाचणीत निव्वळ स्तनपानावर तिचा परिणाम दिसला नाही; गर्भनिरोधक साधनांच्या वापरावर थोडा दिसला. संदेश पाठवला, फोन वाजला, तो नवऱ्याऐवजी तिने उचलला, शेवटपर्यंत ऐकला, आणि घरात ते करून बघायला तिला वाव होता, या पाचही पायऱ्या स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात.

मुलाखत मराठीत, नोंद मराठीत, विश्लेषणही मराठीतच करा. इंग्रजी फक्त प्रबंधात येणाऱ्या अवतरणांपुरतं. आणि वेळेचा अंदाज बांधा: तासभराचं ध्वनिमुद्रण उतरवून काढायला चार ते सहा तास सहज लागतात.

आकड्यांकडे कसं पाहायचं

पहिली तपासणी दोन्ही बाजूंनी करा. रजिस्टरमधली पन्नास नावं चिठ्ठ्या टाकून काढा आणि ॲपमध्ये शोधा. मग ॲपमधली पन्नास घ्या आणि रजिस्टरमध्ये शोधा. एकाच बाजूने केलं तर सुटलेल्या नोंदी कळतील, जास्तीच्या कळणार नाहीत.

दुसरी, शेवटचा अंक. डिजिटल यंत्राने रक्तदाब मोजला तर आकड्याच्या शेवटी शून्य येण्याची शक्यता साधारण दहात एक. एखाद्या केंद्राच्या नोंदींत १३०, १४०, १२० असेच आकडे भरलेले दिसले, तर ते यंत्रावरून थेट आलेले नाहीत. कदाचित यंत्राचे सेल संपलेत, कदाचित जुनं पाऱ्याचं यंत्र वापरतात, कदाचित अंदाजाने लिहिलेत. कोणतं ते टेबलाशी बसल्यावर कळतं. १४०/९० ही नियंत्रणाची सीमा असल्यामुळे तिच्या जेमतेम खाली, १३८/८८ च्या आसपास, आकड्यांची गर्दी आहे का तेही पाहा.

तिसरी, छेद. समजा केंद्रात २०० रुग्ण नोंदवलेले आहेत. तिमाहीत १२० आले, त्यांपैकी ७२ जणांचा रक्तदाब नियंत्रणात. आलेल्यांमध्ये हे ६० टक्के, नोंदवलेल्यांमध्ये ३६ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण न आलेली ८० माणसं पहिल्या आकड्यात गायब होतात. आयएचसीआयने न आलेल्यांना वेगळं दाखवायची पद्धत ठेवली, ती मला मोलाची वाटते. तुमच्या प्रबंधात प्रत्येक टक्केवारीखाली छेद लिहा.

चौथी, वेळ. नोंदीची वेळ मिळत असेल तर आलेख काढा. ओपीडीच्या वेळेत नोंदी होतात की रात्री, महिनाभर सारख्या की महिनाअखेरीस एकदम? आलेखाचा आकार आशाताईंच्या गच्चीशी जुळला की मुलाखत आणि आकडे एकमेकांना धरून आहेत असं समजा. जुळला नाही तर त्याहून चांगलं. तिथे थांबून शोधा.

नोंद झाली म्हणजे गोष्ट घडली असं धरू नका, हे क्षयरोगाच्या ‘९९डॉट्स’ने दाखवलं. गोळीच्या पाकिटामागे लपलेला नंबर, गोळी काढल्यावर तो दिसतो, रुग्ण त्यावर फुकट मिस्ड कॉल देतो, म्हणजे गोळी घेतली. कल्पना सुंदर होती, खर्चही कमी होता. पण मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमध्ये रुग्णांच्या घरी जाऊन लघवीतल्या औषधाच्या चाचणीशी ताडून पाहिलं, तेव्हा गोळी घेतलेल्यांचे कॉल नव्हते आणि कॉल असलेल्यांच्या लघवीत औषध नव्हतं, अशी बरीच उदाहरणं निघाली. स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेला दुसऱ्या कशाने तरी पडताळून पाहायची सोय तुमच्याही अभ्यासात हवी. आपल्या उदाहरणात गोळ्या वाटपाचं रजिस्टर ते काम करतं.

वेळापत्रक

मार्चअखेर, पल्स पोलिओ, कुष्ठ आणि क्षयरुग्ण शोधमोहिमा, निवडणुकीची कामं या काळात कर्मचाऱ्यांकडे जाऊ नका. गेलात तरी मिळेल ती उत्तरं घाईची असतील. कोकणात पावसाळ्यात उपकेंद्रांची कामं धरू नका. पहिला महिना-दीड महिना परवानग्यांचा, पुढचा महिना मागोवा आणि निरीक्षणाचा, मग दोन महिने मुलाखती आणि आकडे समांतर. दोन केंद्रं घ्या, एक बरं चाललेलं आणि एक अडलेलं. एकावरून तुलना होत नाही, आणि चार झेपत नाहीत.

बंद पडण्याची कारणं आधीपासून डोक्यात असू द्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल हजारोंच्या संख्येने परत केले. फोन जुने, तापणारे, कमी क्षमतेचे, आणि पोषण ट्रॅकरमध्ये इंग्रजीत माहिती भरायची सक्ती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या सेविकांना बदल नको होता असं म्हणणं सोपं होतं. त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं: चांगला फोन द्या आणि मराठीत ॲप द्या. तुमच्या मुलाखतीत कोणी तक्रार केली तर ती इतक्याच नेमकेपणाने, त्यांच्या शब्दांत उतरवा.

निष्कर्ष कुठे न्यायचे

विद्यापीठाला प्रबंध देण्याआधी केंद्राच्या मासिक सभेत पंधरा मिनिटं मागा. एक पान, मराठीत, तीन गोष्टी: काय दिसलं, कशामुळे असावं, काय करून बघता येईल. टक्केवारीच्या आधी सुनंदाबाईंसारखं एक उदाहरण सांगा, नाव अर्थातच बदलून. मग विचारा, “हे तुम्हाला पटतं का?” सिस्टर मान हलवतील किंवा चूक दाखवतील, दोन्ही लिहून घ्या. त्याच सभेत एक छोटा बदल त्यांनाच निवडू द्या. ठरावीक दिवशी दुपारी अर्धा तास फोनसाठी राखणं, किंवा कार्ड विसरलेल्यांना फोन नंबरने शोधूनच नोंद करणं, इतपत छोटा. तुम्ही सुचवलेला बदल तुम्ही असेपर्यंत टिकतो, म्हणून निवड त्यांची असू द्या.

एक प्रत तालुक्याला, एक जिल्ह्याला द्या, आणि ज्यांनी ॲप बनवलं त्यांनाही पाठवा. दुबार नोंदी एकत्र करायची सोय द्यायची तर ती तेच देऊ शकतात, आणि टेबलापुढच्या रांगेत काय होतं ते त्यांच्या कार्यालयात बसून दिसत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा जा. यादीतली नावं किती, त्यात दुबार किती, फोन किती गेले, एवढंच पाहा. मोजण्याची पद्धत पहिल्यासारखीच ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. कंत्राटी पदं असतात, बदल्या होतात. टेबलावर नव्या सिस्टर दिसल्या तर त्यांना हे काम कोणी शिकवलं, किती वेळात, आणि जुन्या सिस्टरांचा मोबाइल व पासवर्ड त्यांच्याकडे कसा आला, हे विचारा. ‘टिकाऊपणा’ या प्रकरणाची सुरुवात त्यांच्या उत्तराने करा.